जिन्यातली पंधरा सेकंदं

एप्रिल २०१९. परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि माझ्यासमोर बसलेला २४ वर्षांचा विद्यार्थी खोली सोडायची म्हणत होता. दुसरी खोली पाहिली का, असं विचारलं तर नाही. पैशांची अडचण? नाही. घरमालकांशी भांडण?

"नाही, मॅडम. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आठ महिन्यांत आम्ही भांडण्याइतकंही बोललेलो नाही."

तो टांझानियाचा, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वांझा शहरातला. नागपुरात एम.एस्सी. करत होता. महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात मी आठवड्यातून दोन दिवस बसते, तिथं त्याला त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी पाठवलं होतं. रात्री दहा-दहापर्यंत प्रयोगशाळेत थांबायचा, पण काम काही पुढं सरकत नव्हतं. झोप तुटक, डोकं सतत दुखतं, जेवण दिवसातून एकदा. खोलीवर जायची वेळ झाली की पोटात गोळा येतो, म्हणाला. म्हणून घरमालकांचे दिवे मालवेपर्यंत तो बाहेरच राहायचा.

या प्रकरणात कोणी कोणावर हात उचलला नाही, शिवी दिली नाही, पोलिसांत तक्रार गेली नाही. म्हणूनच ते सविस्तर लिहावंसं वाटलं. २०१६ साली बंगळुरूत टांझानियाच्याच एका विद्यार्थिनीला जमावानं मारलं, मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ते वर्तमानपत्रांत आलं. दोन वेगळ्या वंशांची माणसं एका छपराखाली राहतात आणि काहीच न घडता एकमेकांना आजारी पाडतात, त्याची कुठं नोंद होत नाही. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वहीतली वाक्यं दोघांच्या परवानगीनं दिली आहेत.

घर

नैऋत्य नागपुरातलं, त्रिमूर्ती नगरच्या बाजूचं दुमजली घर. खाली मालक, वर दोन खोल्या. जिना बाहेरून नाही, पडवीतून जातो. भाडेकरूला वर जायचं तर मालकांच्या पडवीतून जावंच लागतं, आणि या प्रकरणात जे काही झालं ते जवळजवळ सगळं त्या पडवीत आणि जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्यांवर झालं.

घरमालकीण ६२ वर्षांच्या. सरकारी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त. कॉलनीत सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही तेच म्हणेन. काका ६८ वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. मुलगा पुण्यात. घर काकूंच्या भविष्य निर्वाह निधीतून आणि बँकेच्या कर्जातून उभं राहिलेलं. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धमूर्ती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जी माणसं उभी होती त्यांत काकूंचे वडील होते. अशोक विजयादशमीला कॉलनीतल्या बायकांबरोबर काकू दरवर्षी तिथं पाणी आणि जेवण वाटायला जातात. जपानचे, थायलंडचे भिक्खू त्यांनी जवळून पाहिलेत. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरेई ससाई तर नागपूरकरांना घरचेच. परदेशी माणूस काकूंना नवा नव्हता. चीवर घातलेल्या परदेशी माणसाशी कसं वागायचं हे त्यांना माहीत होतं. जीन्स घातलेल्या, सहा फूट उंच, काळ्याकुट्ट मुलाशी कसं वागायचं ते माहीत नव्हतं.

खोली दलालामार्फत गेली. आधीचा भाडेकरू अमरावतीचा, ५,००० रुपये द्यायचा. या मुलाला दलालानं ६,५०० सांगितले, "बाहेरच्या देशाचा आहे, देईन तो." परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकानं सी फॉर्म भरून पोलिसांच्या परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवायचं, असा नियम होता. काकूंच्या मुलानं पुण्यात बसून तो ऑनलाइन भरला, प्रश्न मिटला. काकूंच्या मनात मात्र "पोलिस" हा शब्द राहून गेला. त्यात समोरच्या घरातून पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, "काऊन काकू, हबशी ठेवला का घरात?"

हा शब्द ऐकला की मला राग येतो. हबशी म्हणजे अबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर याच मातीत निजामशाहीचा कारभारी झाला, त्यानं खडकी शहर (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवलं, त्याच्या जमीन महसुलाच्या घडीचं नाव आजही घेतात. तो इतिहास विसरून आपण शब्द तेवढा ठेवला, तोही हिणवायला.

दोन वह्या

त्याच्या परवानगीनं मी काकूंना भेटले. मला वाटलं होतं तक्रारींचा पाढा ऐकावा लागेल. काकूंनी पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तो पोरगा खाली मान घालून जाऊन राहिला. तोंडाकडं पाहतच नाही. आठ महिने झाले, एक शब्द नाही. आम्ही काय खाऊन राहिलो त्याला?"

त्यांचीही झोप कमी झाली होती. तो यायच्या वेळेला आपण पडवीत असू नये म्हणून सात वाजताच त्या आत जाऊन बसायच्या. स्वतःच्या घरात.

मी दोघांना एकेक वही दिली. दहा दिवस, ९ एप्रिलपासून, जेव्हा-केव्हा एकमेकांसमोर याल तेव्हा चार गोष्टी लिहायच्या: वेळ, मी काय केलं, समोरच्यानं काय केलं, आणि समोरच्याच्या मनात काय असेल असं मला वाटलं. काकूंनी मराठीत लिहिलं, त्यानं इंग्रजीत. समुपदेशनात वह्या लिहायला सांगणं काही नवीन नाही. पण दोघांच्या वह्या शेजारी ठेवून वाचताना माझ्या अंगावर काटा आला, तसं क्वचित होतं.

पहिलाच दिवस, मंगळवार. काकू लिहितात:

"सकाळी पावणेआठ. गेटजवळ भेटला. मी बाजूला झाली, त्याला जायला जागा दिली. तो पळाल्यासारखा वर गेला. त्याला आमच्याशी बोलायचं नाही."

तो लिहितो:

"सकाळचे ७.४५. गेटवर बाई होत्या. मला पाहून मागे सरल्या, पदर जवळ ओढला. मी पटकन वर गेलो, म्हणजे त्यांना त्रास नको. मी या घरात राहिलेला त्यांना आवडत नाही."

जागा दिली आणि मागे सरल्या, ही एकच हालचाल. पळाला आणि त्रास नको म्हणून लवकर गेला, हीही एकच.

रविवारी, १४ एप्रिलला, बाबासाहेबांची जयंती. काकूंची नोंद लांब आहे. सकाळपासून माणसं येत होती, खीर केली होती, वाट्या भरून सगळ्यांना दिली. "एक वाटी त्याच्यासाठी काढून ठेवली. त्याला आवडते का नाही, आपल्या हातचं खाईन का नाही, कोण जाणे. वर कशी जाऊ? ठेवली तशीच. दुसऱ्या दिवशी नासली."

त्याची नोंद चार ओळींची: "खाली सण आहे. येणारा प्रत्येक जण दारात दोन शब्द म्हणतो, जय भीम, आणि आतून तेच शब्द परत येतात. सगळ्यांना वाटीतून काहीतरी देत आहेत. खिडकीतून दिसतं. मी आज खाली उतरणार नाही, त्यांच्या दिवसात मी नको."

त्या दिवशी तो दुपारी चार वाजेपर्यंत उपाशी होता.

२००५ साली निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांत गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना विचारलं की दुसऱ्या वंशाच्या मुलांशी तुम्हाला अधिक मिसळावंसं वाटतं का. दोन्हीकडून उत्तर आलं, वाटतं, पण त्यांना नको आहे. मग तुम्ही पुढाकार का घेत नाही? झिडकारतील म्हणून. आणि ते का घेत नाहीत? त्यांना रस नाही म्हणून. स्वतःच्या गप्प बसण्यामागं भीती दिसते, समोरच्याच्या तशाच गप्प बसण्यामागं तुच्छता दिसते. काकूंनी आणि या मुलानं ते संशोधन वाचलेलं नव्हतं, तरी त्यांच्या वह्या त्यातूनच उतरवून घेतल्यासारख्या होत्या.

खाली मान घालण्याचं कारण त्यानं मला नंतर सांगितलं. त्याच्याकडं धाकट्यानं मोठ्या माणसाच्या डोळ्यांत रोखून पाहायचं नसतं. वडीलधारं माणूस दिसलं की "शिकामू" म्हणायचं, समोरून "मराहबा" येतं. शिकामूचा मूळ अर्थ तुमचे पाय धरतो, असा सांगतात. आपल्या "पाया पडतो"चा सख्खा भाऊच. पण नागपुरात त्या शब्दाला उत्तर कोण देणार? शब्द गळ्यातच राहायचा, मान तेवढी खाली जायची.

सगळी भीतीच होती का?

नाही. हे लिहिलं नाही तर प्रकरण खोटं होईल.

काकूंच्या वहीत दोन नोंदी अशाही आहेत की ज्यांना मी भीती म्हणू शकत नाही. एका नोंदीत त्याच्याकडं आलेल्या मित्रांना पाहून "हे लोक गांजा-बिंजा विकतात म्हणतात" असं लिहिलंय. दुसऱ्या नोंदीत पडवीतली पितळी घंगाळ आत नेऊन ठेवल्याचं. हा पूर्वग्रह आहे, साधा आणि उघड. तो काकूंनी शोधून काढलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून, समोरच्या घरातून, बातम्यांतून आलेला आहे. पण तो त्यांच्या पडवीत राहायला आला होता आणि त्याचं भाडं तो मुलगा भरत होता.

आणि दोघांची भीती सारखी असली तरी तिची किंमत सारखी नव्हती. काकू घाबरल्या तर सात वाजता आत जाऊन बसतात. तो घाबरला तर रात्री दहापर्यंत रस्त्यावर. काकूंना वाटलं तर त्या महिन्याच्या मुदतीत खोली रिकामी करायला सांगू शकतात. त्याला सांगितलं तर परीक्षेच्या तोंडावर, ४३ अंशांत, दलालाच्या मागं फिरत "आफ्रिकेचा आहे का? मग नाही" हे दहा दारांत ऐकायचं. माझ्या व्यवसायातली माणसं "दोन्ही बाजूंचा गैरसमज" असं म्हणून फार लवकर समाधानी होतात. दीड हजार रुपये जास्तीचं भाडं हा गैरसमज नव्हता, तो सौदा होता.

तरीही भीती आणि पूर्वग्रह वेगळे ओळखायला हवेत, कारण दोघांचं औषध वेगळं आहे. फिलिप गॉफ, क्लॉड स्टील आणि पॉल डेव्हिस यांनी २००८ मध्ये एक प्रयोग मांडला. गोऱ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की दोन काळ्या मुलांशी वंशाच्या विषयावर गप्पा मारायच्या आहेत, तेवढ्यात खुर्च्या मांडून ठेवा. त्यांनी खुर्च्या लांब मांडल्या. किती लांब, हे त्यांच्या पूर्वग्रहावरून सांगता येत नव्हतं. "आपण वंशद्वेष्टे दिसू" ही धास्ती ज्याला जास्त, त्याची खुर्ची लांब. काकूंचं बाजूला होणं मला त्या खुर्चीसारखं वाटतं. घंगाळ आत नेणं वेगळं.

आणि खुर्ची लांब गेली की पुढं काय होतं, तेही माहीत आहे. १९७४ साली वर्ड, झॅना आणि कूपर यांनी नोकरीच्या मुलाखती तपासल्या. गोरे मुलाखतकार काळ्या उमेदवारांपासून लांब बसत, अडखळत बोलत, मुलाखत लवकर आटोपत. मग त्यांनी मुलाखतकारांना शिकवून तशीच वागणूक गोऱ्या उमेदवारांना दिली. गोऱ्यांचीही मुलाखत बिघडली, तेही अडखळू लागले. आठ महिने रोज दोनदा कोणी तुमच्यापासून बाजूला होत असेल तर तुम्हीही पळाल्यासारखंच चालायला लागता. मग तुमची ती चाल पाहून समोरचा म्हणतो, बघा, हा पळतो.

काकू एकदा म्हणाल्या, "तो आला-गेला की माझं डोकंच दुखून राहिलं." रिचसन आणि शेल्टन यांनीच २००३ मध्ये दाखवलं होतं की मनात वंशाबद्दल अढी जास्त असलेले गोरे लोक काळ्या माणसाशी थोडं बोलून आले की लगेचच्या लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत मागे पडतात. स्वतःला सांभाळण्यातच शक्ती जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. ही शक्ती इंधनासारखी संपते, ही कल्पना पुढं २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासली तेव्हा फारशी टिकली नाही. त्यामुळं कारण काय ते मी ठामपणं सांगणार नाही. पण थकवा खरा होता. मी तो दोघांच्या चेहऱ्यावर पाहिला.

माझी चूक

वह्या वाचून मी घाई केली. वाटलं, दोघांना समोरासमोर बसवलं की पुरे. २० एप्रिलला काकूंच्या दिवाणखान्यात चहा ठेवला. मी सुरुवात केली, "मोकळेपणानं बोला."

तो अर्धा तास फार वाईट गेला. दोघंही अतिशय चांगलं वागले. काकू म्हणाल्या, "आम्ही कोणाला वेगळं समजत नाही. सगळी माणसं सारखी." तो म्हणाला, "तुम्ही खूप चांगल्या आहात, मला काही त्रास नाही." चहाच्या कपाच्या कानात त्याचं बोट जात नव्हतं, म्हणून त्यानं कप दोन्ही हातांनी धरला होता आणि कप थरथरत होता. काकू त्या हातांकडं पाहायच्या आणि पटकन नजर वळवायच्या. आफ्रिका हा शब्द कोणी उच्चारला नाही. रंग, पोलिस, खीर, भाडं, काहीच नाही. तो वर गेल्यावर काकू म्हणाल्या, "पाहिलं? खोटं बोलून राहिला." त्यानं रात्री मला संदेश पाठवला: "आता मला त्यांची अधिकच भीती वाटते."

मायकेल नॉर्टन, सॅम्युअल सॉमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये माणसं ओळखण्याचा एक खेळ घेतला होता. फोटोंतलं एक माणूस प्रश्न विचारून ओळखायचं. समोर काळा जोडीदार असला की गोरे खेळाडू फोटोतल्या माणसाचा वंश विचारायचं टाळत. त्यामुळं खेळात मागे पडायचेच, वर त्यांचं वागणं कोरडं आणि परकं दिसायचं. माझ्या त्या चहाच्या बैठकीत मी तोच खेळ मांडला होता. दोघांनी एकमेकांना चांगुलपणा दाखवायचा, आणि परीक्षक म्हणून मी मध्ये. यजमान काकू, पाहुणा तो, म्हणजे बरोबरीही नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की नुसत्या संपर्कानं काही होत नाही. बरोबरीचं स्थान हवं, दोघांचं एकच काम हवं, ते काम एकमेकांशिवाय न होणारं हवं, आणि वरच्या माणसांचा त्याला पाठिंबा हवा. पुढं पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिलं: भेटीगाठींनी पूर्वग्रह सहसा कमी होतो, आणि या अटी असतील तर जास्त कमी होतो. २००८ मध्ये त्यांनीच दाखवलं की समोरच्या गटाबद्दल माहिती वाढल्यानं फार थोडा फरक पडतो, खरा फरक भीती कमी झाल्यानं आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवता आल्यानं पडतो. म्हणून काकूंना टांझानियाची माहिती सांगायचा बेत मी रद्द केला. काम शोधायचं होतं. ते विजेच्या बिलानं आणून दिलं.

हिशोब

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. बिल फुगलं होतं. नागपूरचा उन्हाळा, दोन कुलर, फ्रिज. मीटर एकच, आणि युनिट वाढले की दरही वरचा लागतो. भाडेकरू पहिल्यापासून बिलाचा अर्धा वाटा द्यायचा. "तो रातभर कुलर लावून राहिला असन. तुम्ही जरा सांगा त्याला."

मी नाही म्हटलं. जिन्याच्या वळणावर वरच्या खोल्यांचा एक जुना सब-मीटर होता, पडवीत बसलं की दिसायचा. तो चालू आहे का, विचारलं. चालू होता, पण अमरावतीचा मुलगा गेल्यापासून कोणी पाहिला नव्हता. "मग त्याच्यावरचे आकडे दोघांनी मिळून वाचा आणि हिशोब करा," एवढंच मी सांगितलं. मी गेले नाही. पुढचं त्या दोघांकडून, वेगवेगळं ऐकलेलं.

काकांना जिना चढवत नाही. काकूंना बारीक आकडे दिसत नाहीत, आणि मीटर उंचावर. त्यानं स्टूलावर चढून मोबाइलच्या उजेडात धूळ पुसली आणि अडखळत हिंदीत आकडे सांगितले. काकू पायरीवर बसून इंग्रजीत लिहीत गेल्या. दोघंही एकमेकांसाठी परक्या भाषेत शिरले होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. खाली काकांनी त्यांची जुनी डायरी काढली. ऑगस्ट २०१८ मध्ये खोली दिली त्या दिवशीचा आकडा त्यात होता: ४३१२. आता ४९०३. म्हणजे नऊ महिन्यांत ५९१ युनिट.

काकांनी सगळी बिलं बेरजेला घेतली. एकूण २,८७० युनिट, अर्ध्याचे पैसे त्यानं भरले म्हणजे १,४३५. काकांनी तीनदा ताळा केला. मग चष्मा काढून म्हणाले, "आपण याचे ८४४ युनिट जास्त घेतले."

काकू सांगत होत्या, "मले वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं." मी मुलाला विचारलं, इतके महिने तू काही बोलला का नाहीस? त्याला कुलरचं बिल जास्त वाटत होतंच. पण तक्रार केली तर खोली जाईल, म्हणून तो मे महिन्यातही रात्री अकराला कुलर बंद करायचा. गप्प बसण्याचे पैसेही त्यालाच पडले होते.

काका जोरात म्हणाले, "हिशोब म्हणजे हिशोब, पैसे परत." तेव्हा तो एकदम हसला. त्याच्या स्वाहिली भाषेत हिशोबाला हेसाबु म्हणतात. त्यानं सांगितलं, काकांना पटेना. मग यादीच निघाली: साबण म्हणजे साबुनी, वकील म्हणजे वकिली, रंग म्हणजे रांगी, गाडी म्हणजे गारी, चहाला चाय आणि चपातीला चपातीच. अरबी-फारसी भाषांनी आणि हिंदी महासागरावरच्या व्यापारानं जे शब्द इकडं-तिकडं नेले ते नागपूरच्या एका पडवीत एकमेकांना भेटले. काकांनी डायरीच्या मागच्या पानावर ते उतरवून घेतले. ते पान मी पाहिलंय. वर शीर्षक आहे, "पोराचे शब्द".

पैसे दोन महिन्यांच्या भाड्यातून वळते झाले.

दोन शब्द

त्याच आठवड्यात तो माझ्याकडं आला तेव्हा एक प्रश्न घेऊन आला. "ते दोन शब्द मी म्हटले तर चालतील का? की ते फक्त त्यांच्या लोकांचे आहेत?"

आठ-नऊ महिने तो दारातला जय भीम ऐकत होता. प्रार्थना असेल, कुळाचा शब्द असेल, बाहेरच्यानं उच्चारला तर अपमान होईल, असं त्याला वाटत होतं. आणि काकूंनी त्याला तो कधी म्हटला नव्हता, कारण त्याला काय समजणार. मी बाबासाहेबांबद्दल पाच मिनिटं सांगितलं. म्हटलं, काकूंनाच विचार.

त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत शिरताना सरळ म्हणाला, "जय भीम, काकू." काकू भाजी निवडत होत्या. त्यांच्याच शब्दांत: "मी दचकलीच. मग तोंडातून आपोआप निघालं, जय भीम, बेटा." नंतर त्यानं त्यांना शिकामू शिकवलं. काकूंना मराहबा म्हणता येत नाही, त्या "मरहब्बा" म्हणतात.

१८ मेला बुद्धपौर्णिमा होती. स्टीलच्या डब्यात खीर वर गेली. डबा तीन दिवसांनी खाली आला, त्यात त्यानं केलेल्या चार चपात्या. काकू म्हणाल्या, हा तर पदराचा पराठा आहे.

जूनमध्ये त्याची झोप सुधारली होती, डोकेदुखी आठवड्यातून एखादवेळी. परीक्षा दिली, एक विषय राहिला. आमच्या भेटी थांबवल्या.

आडनाव

काकूंशी माझी शेवटची भेट जुलैत झाली. मी त्यांना त्याच्या वहीतलं, त्याच्या संमतीनं, पहिलं पान मराठी करून वाचून दाखवलं. "मला पाहून मागे सरल्या, पदर जवळ ओढला." काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग खोल्या शोधायचे दिवस सांगू लागल्या.

लग्नानंतर, १९८६ साली, काका-काकू नोकरीच्या जवळ म्हणून धरमपेठेच्या बाजूला खोली शोधत होते. पाटी असायची, भाड्यानं देणे आहे. बाई दार उघडायच्या, गोड बोलायच्या, पाणीही द्यायच्या. मग आडनाव विचारायच्या. आडनाव सांगितलं की, "यांना विचारून चार दिवसांत कळवते." सात घरं झाली. "एका घरी पाणी दिलेला गिलास त्या बाईनं उचलला नाही, तिथंच राहू दिला. तो गिलास मला अजून दिसते, मॅडम."

मी ज्या घरात वाढले, तिथंही वरची खोली भाड्यानं द्यायचो आणि आई आडनाव विचारायची. मी हे काकूंना सांगितलं. सांगायला हवं होतं असं मला वाटलं. त्यांनी मान हलवली, एवढंच.

"पण हे आणि ते वेगळं," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. स्वतःच्या वाट्याला आलेला भेदभाव आठवला की माणूस दुसऱ्या भोगणाऱ्याच्या जवळ जातो, असं आपल्याला सहज वाटतं. मॉरीन क्रेग आणि जेनिफर रिचसन यांचं २०१२ मधलं काम सांगतं की दोघांचं दुखणं एकाच जातीचं वाटलं, तर जवळ जातो. दुखण्याचं कारण वेगळं दिसलं तर ती आठवण उलट दूरही लोटू शकते. काकूंना जात आणि वंश हे एकच दुखणं वाटत होतं की दोन, हे त्या दिवशी त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ऑगस्टपासून पाच हजारच घेईन त्याच्याकडून. अमरावतीच्या पोराकडून जितके घेत होती तितकेच."

त्यानंतर सहा महिने काही कळलं नाही. जानेवारी २०२० मध्ये काकूंचा फोन आला. मुलगा पदव्युत्तर पूर्ण करून परत जात होता. खोली रिकामी होणार होती. त्याचाच एक टांझानियाचा ज्युनिअर खोली पाहून गेला, पण त्याला वसतिगृह मिळालं. दलालानं आता दुसरा मुलगा आणला होता.

"नायजेरियाचा आहे म्हणून सांगून राहिला दलाल. आपला पोरगा वेगळा होता हो, मॅडम. नायजेरियाचं कसं कसं ऐकून आहे मी. काय करू?"

ऑलपोर्टनं यासाठी कुंपणाचा दाखला दिलाय: एक माणूस आवडला की त्याला अपवाद म्हणून कुंपणाच्या आत घ्यायचं, आणि कुंपण बाकीच्यांसाठी पुन्हा घट्ट करायचं. फोनवर हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "तुम्ही भेटलात का त्याला?"

"नाही. उद्या येऊन राहिला, चार वाजता." थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही येता का?"

मी नाही म्हटलं.

"बरं," काकू म्हणाल्या. "ते नायजेरियात मोठ्या माणसाला काय म्हणतात, ते तेवढं विचारून ठेवाल का कोणाला?"